गावाच्या वर्गणीतून रुग्णालयाला उपकरण द्यायचंय? आधी नाइट ड्यूटीच्या सिस्टरला विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. माण-खटाव पट्ट्यातल्या तुमच्या गावानं यात्रेच्या वेळी, गणेश मंडळाकडून आणि मुंबईकर मंडळींकडून मिळून आठेक लाख रुपये जमवलेत. जवळच्या ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाला त्यातून व्हेंटिलेटर किंवा सोनोग्राफी मशीन द्यायचं चाललंय. दोन्हींपैकी काय घ्यावं, कुठून घ्यावं, आणि उद्या कुणी हिशेबावर बोट ठेवू नये म्हणून काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. सध्या दोन्ही घेऊ नका. पैसे बँकेत राहू द्यात, तुमच्यातले दोन-तीन जण रुग्णालयात जा आणि तिथलं काम कशावाचून अडतं ते बघा. मग यादी करा.

मी सरकारी रुग्णालयांत परिचारिका होते, शेवटची वर्षं इनचार्ज सिस्टर म्हणून काढली. निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात तुमच्यासारख्याच स्वयंसेवकांसोबत उपकरणं देण्याचं काम करते. मशीन वॉर्डात आल्यावर त्याचं पुढं काय होतं ते नोकरीत पाहिलं, आणि मशीन निवडताना लोक कशाला भुलतात ते आता बघते. त्यावरून सांगते: गावानं दिलेलं उपकरण पाच वर्षांनी चालू असेल की नाही, हे खरेदीच्या आधीच्या महिन्यात ठरतं आणि हस्तांतरानंतरच्या वर्षभरात पक्कं होतं. मधला खरेदीचा दिवस त्या मानानं सोपा.

आता व्हेंटिलेटरचं. करोनाच्या काळात तो शब्द घराघरांत पोचला, त्यामुळे गावाला वाटतं की व्हेंटिलेटर आला म्हणजे रुग्णालय सुधारलं. पण व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला चोवीस तास डोळ्यासमोर ठेवावं लागतं. नळी घालणारा आणि ती निघाली तर लगेच पुन्हा घालणारा डॉक्टर तिन्ही पाळ्यांत लागतो, अतिदक्षता विभागात काम केलेली सिस्टर लागते, पुरेशा दाबाचा ऑक्सिजन सतत लागतो, रक्तातले वायू तपासायची सोय लागते. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाची रचनाच त्यासाठी नाही. असा गंभीर रुग्ण तिथे सावरायचा आणि १०८ बोलावून साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात किंवा कराडला पाठवायचा, हेच तिथल्या डॉक्टरांचं काम आहे आणि ते मोठं काम आहे. तुमच्या भागातून साताऱ्याला पोचेपर्यंत दीड-दोन तास जातात. ते दीड-दोन तास रुग्ण कसा तगेल, याला लागणाऱ्या वस्तू वेगळ्या आहेत आणि बऱ्याच स्वस्त आहेत.

साप चावल्याचंच घ्या. मण्यार रात्री चावते, बहुतेकदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला. ऊसतोडीच्या खोपटात, शेतातल्या वस्तीवर, पडवीत. दंशाची जागा धड दिसतही नाही, फारशी सूज नाही, आणि पहाटे पापण्या जड व्हायला लागतात. मग गिळता येत नाही, मग श्वास थकतो. प्रतिविष सुरू केलं तरी श्वासाचे स्नायू परत काम करायला वेळ लागतो. तोवर त्या माणसाला हातानं श्वास द्यायचा असतो. त्याला अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, लागते, योग्य मापाचा मास्क लागतो, घशातली लाळ ओढायला चालू स्थितीतलं सक्शन मशीन लागतं आणि ऑक्सिजन लागतो. अंबू बॅग एक-दोन हजारांची वस्तू आहे. मोठ्यांची, मुलांची आणि नवजात बाळाची अशा तीन मापांत ती असावी लागते. तुम्ही गेलात की लेबर रूम, अपघात विभाग आणि रुग्णवाहिका अशा तिन्ही ठिकाणी त्या दाखवायला सांगा. दाबून बघा. जुन्या बॅगेचं रबर चिकटतं, झडप अडकते, मास्कची हवेची गादी बसलेली असते.

घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठतंय का ते बघायचं असतं. त्यासाठी दोनेक मिलि रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरपी करून बघतात. नळी काचेचीच लागते, प्लास्टिकची चालत नाही. साबणानं धुऊन परत वापरलेल्या नळीतही निकाल चुकतो. म्हणजे नव्या काचेच्या नळ्यांचा एक डबा. आठ लाखांच्या यादीत ही वस्तू कुणाला सुचत नाही, पण रात्री अडीचला तो डबा हाताशी नसेल तर डॉक्टरला अंदाजानं चालावं लागतं.

सोनोग्राफीची अडचण कायद्याची आहे आणि ती हलक्यानं घेऊ नका. गर्भलिंग निदान रोखण्यासाठीच्या १९९४ च्या कायद्यानुसार, म्हणजे लोक ज्याला पीसीपीएनडीटी म्हणतात त्यानुसार, नोंदणी नसलेल्या ठिकाणी सोनोग्राफी मशीन विकता येत नाही, भाड्यानं देता येत नाही आणि पुरवताही येत नाही. देणगी दिली म्हणून सूट नाही. जागेची नोंदणी, मशीनची नोंद, ते चालवणाऱ्या डॉक्टरची पात्रता, प्रत्येक गरोदर महिलेच्या तपासणीची नोंद करणारा एफ फॉर्म, हे सगळं त्या मशीनसोबत येतं. कुणी म्हणेल, छोटं पोर्टेबल घेऊ, गावोगावी नेता येईल. अजिबात नको, पोर्टेबल मशीनवर निर्बंध जास्तच कडक आहेत. गावानं प्रेमानं मशीन दिलं आणि तपासायला पात्र डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतो, तर उरलेले दिवस ते कुलपात राहतं. रुग्णालयाची नोंदणी आहे, डॉक्टर नेमलेला आहे, जुनं मशीन मोडीत निघालंय आणि रुग्णालय स्वतः लेखी मागतंय, एवढं सगळं जुळत असेल तरच पुढं जा, आणि तेही याच कायद्याखाली नेमलेल्या जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्यांची परवानगी हातात आल्यावर. एक्स-रे मशीनचंही असंच. त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, खोलीच्या भिंतींची जाडी आणि शिशाचं संरक्षण बघावं लागतं.

मग काय द्यायचं? ते मी इथून सांगू शकत नाही आणि दुकानदारानंही सांगू नये. रुग्णालयात जाताना वैद्यकीय अधीक्षकांची वेळ घेऊन जा, त्यांच्याशी आधी बोला, हा त्यांचा मान आहे. त्यांची परवानगी घेऊन मग लेबर रूमच्या आणि अपघात विभागाच्या सिस्टरशी निवांत बोला. शक्य असेल तर नाइट ड्यूटी सुरू होताना जा. दिवसा सगळे हजर असतात, रात्री एक सिस्टर, एक डॉक्टर आणि एक मावशी असतात. काय कमी पडतं ते त्या वेळी उघडं पडतं. "सिस्टर, तुम्हाला काय पाहिजे?" असं विचारू नका, मग माणूस संकोचतो किंवा एकदम मोठं नाव घेतो. "गेल्या महिन्यात कोणता पेशंट पुढं पाठवावा लागला? का पाठवला?" असं विचारा. "कोणती वस्तू शेजारच्या वॉर्डातून उसनी आणावी लागते?" असं विचारा. या दुसऱ्या प्रश्नाला मला आजवर हमखास खरं उत्तर मिळालंय.

आणि बंद पडलेल्या वस्तू दाखवायला सांगा. एका ग्रामीण रुग्णालयात आम्ही असंच कपाट उघडायला लावलं. आत नाडी, बीपी, ऑक्सिजन एकत्र दाखवणारे दोन मल्टिपॅरा मॉनिटर होते, दोन्हींचे पडदे लख्ख चालू. एकाची बोटाला लावायची ऑक्सिजनची क्लिप तुटलेली, दुसऱ्याच्या बीपीच्या पट्ट्याची नळी फाटलेली, ईसीजीच्या वायरी दोन्हींच्या गायब. कुणीतरी चिकटपट्टी गुंडाळून क्लिप काही दिवस चालवलेली दिसत होती. नवीन मॉनिटर मागण्याचा अर्ज मात्र टेबलावर तयार होता. त्या दोन मॉनिटरना लागणाऱ्या क्लिपा, पट्टे आणि वायरी नव्या एका मॉनिटरच्या किमतीच्या कितीतरी कमी पैशांत आल्या आणि दोन्ही खाटांजवळ गेले. म्हणून आमच्या गटाचा नियमच आहे: आहे ते दुरुस्त झाल्याशिवाय नवं नाही. यात तुम्हाला फोटो काढण्यासारखं काही मिळणार नाही. पण रुपयाला रुपया मोजलात तर गावाच्या पैशाचं सगळ्यात जास्त काम इथेच होतं.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरकडे, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणाऱ्या मशीनकडे, वेगळं लक्ष द्या. २०२१ मध्ये देणगीतून ते जागोजागी आले आणि बरेच नंतर कोपऱ्यात गेले. न वापरता पडून राहिले की आतल्या झिओलाइट नावाच्या दाण्यांमध्ये दमट हवा शिरते, हवेतला नायट्रोजन वेगळा काढण्याची त्याची ताकद कमी होते. मशीन सुरू होतं, आवाज करतं, हवाही येते, पण तिच्यात ऑक्सिजन पुरेसा नसतो. चांगल्या मशीनमधून साधारण ९० टक्क्यांच्या वर शुद्धता मिळायला हवी, आणि ती मोजायचं छोटं यंत्र मिळतं. ते एक यंत्र घेऊन आजूबाजूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतले कॉन्सन्ट्रेटर तपासून देणं, फिल्टर बदलून देणं, हेसुद्धा तुमच्या तरुणांना जमण्यासारखं, मोलाचं काम आहे. कॉन्सन्ट्रेटरला वीज लागते हेही ध्यानात ठेवा. लोडशेडिंगच्या किंवा वादळाच्या रात्री शेवटी सिलिंडरच लागतो. छोट्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला ५ लिटरनं लावला तर पाच तास, १० नं लावला तर अडीच. रुग्णवाहिकेत भरलेला सिलिंडर आहे का आणि त्याची किल्ली सिलिंडरलाच बांधलेली आहे का, हे बघा. किल्ली शोधण्यात गेलेली मिनिटं मी नोकरीत पाहिलीत.

बाळंतपणं होत असतील तर नवजात बाळांचा कोपरा नीट बघा. बाळाला ऊब देणाऱ्या रेडियंट वॉर्मरची उष्णता मोजणारी तार बाळाच्या अंगाला चिकटते ती जाग्यावर आहे का? ती नसेल तर वॉर्मर अंदाजानं चालतो आणि बाळ भाजण्याचा किंवा गार पडण्याचा धोका राहतो. काविळीच्या बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात, त्या दिव्याचं तर फार फसवं असतं. दिवा निळा दिसतो म्हणून उपचार होतोच असं नाही. उपचाराला साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा प्रकाश पुरेशा तीव्रतेनं बाळाच्या अंगावर पडावा लागतो. जुन्या ट्यूबची तीव्रता वापराच्या तासांबरोबर उतरत जाते आणि डोळ्यांना ते कळत नाही. ती तीव्रता मोजणाऱ्या फ्लक्समीटरनं मोजूनच कळतं. बाळ दोन दिवस दिव्याखाली असतं, काविळ उतरत नाही, मग घरच्यांना वाटतं डॉक्टरचं काही चुकलं, आणि गाडी करून बाळाला शहरात नेतात. एलईडीचे दिवे त्या मानानं जास्त टिकतात. तुमच्या रुग्णालयात बाळंतपणं भरपूर असतील तर एलईडी फोटोथेरपी आणि एक फ्लक्समीटर यांचा विचार मी आवर्जून करीन.

डायलिसिसचंही कुणीतरी सुचवेलच, म्हणून एवढंच सांगते: एका वेळच्या चार तासांच्या डायलिसिसला नुसतं द्रावणच सुमारे १२० लिटर लागतं, तेही आरओच्या शुद्ध पाण्यापासून केलेलं. आरओ प्लांट, तंत्रज्ञ आणि किडनीतज्ज्ञाची देखरेख यांशिवाय ते मशीन घेऊ नका. माण तालुक्यासारख्या पाण्याच्या टंचाईच्या भागात तर पाण्याचा हिशेब आधी.

यादी झाली की कागदाला लागा. इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतात, तर प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्या, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या. भलत्या कार्यालयात अर्ज दिला की महिने जातात. तुमच्या बाबतीत वैद्यकीय अधीक्षकांकडून लेखी मागणीपत्र घ्या. त्यात उपकरणाचं नाव, तांत्रिक तपशील, कुठल्या विभागात बसणार, कोण चालवणार आणि लागणारं साहित्य रुग्णालय कुठून घेणार, हे पाचही मुद्दे यायला हवेत. पाचवा मुद्दा भरताना सगळे थबकतात, आणि तो भरूनच घ्यायचा असतो. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांत, ज्यांची सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये आली, कोणत्या पातळीच्या रुग्णालयात कोणतं उपकरण असावं याची यादी आहे. ती छापून सोबत न्या. तुमची मागणी त्या यादीत बसत असेल तर वरची मंजुरी सोपी जाते. रुग्णालयाची रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या बैठकीत हा विषय ठरावात आणायला सांगा.

पैशाबद्दल. तुमचा गट नोंदणीकृत न्यास नसेल तर सार्वजनिक कामासाठी वर्गणी गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क ची तरतूद लागू होते. गणेश मंडळं दरवर्षी ज्या कलमाखाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात तेच हे. मंडळानं उत्सवासाठी घेतलेली परवानगी उत्सवापुरती असते, रुग्णालयाच्या निधीला ती आपोआप लागू पडेल असं धरू नका. साताऱ्यात धर्मादाय कार्यालय आहे, जाऊन विचारा आणि जमलेल्या रकमेची बाजू आधी नियमात बसवून घ्या. गावात आधीपासून नोंदणी असलेला आणि हिशेब चोख असलेला एखादा न्यास असेल तर त्याच्या खात्यातून, स्वतंत्र खातेवही ठेवून व्यवहार करणं सगळ्यात सोयीचं. त्या न्यासाला आयकराची ८०-जी मान्यता असेल तर देणगीदाराला सवलत मिळू शकते, पण २,००० रुपयांवरची देणगी रोखीनं दिली तर ती मिळत नाही, वस्तूच्या रूपात दिली तरी मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या माणसाला तर ८०-जीची वजावटच नाही. हे पावती फाडताना सांगून टाका, मागून कुरबूर नको.

परदेशातल्या भाच्या-पुतण्यांचे पैसे घेताना एक काळजी घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलंय, त्याचा पैसा परदेशी ठरतो, मग तो मूळचा आपल्या आळीतला का असेना. परदेशी देणगीच्या कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय तो घेता येत नाही. दहा हजारांसाठी सगळ्या न्यासाला अडचणीत आणू नका.

आपल्या सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांत देणाऱ्यांची कमतरता नाही, हे मी अभिमानानं सांगते. इकडं मुंबईत माथाडीत घाम गाळणारे पाटण-जावळीचे लोक, तिकडं विटा-आटपाडीकडून देशभर पसरलेले सोन्या-चांदीचे गलाई व्यावसायिक, शिवाय घरटी फौजी असलेली गावं. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना घरोघरच्या मूठभर धान्यानं हातभार लावलेला हा मुलूख आहे. माणसं यात्रेला गावी येतात तेव्हा मोकळ्या हातानं देतात. म्हणूनच त्यांच्याशी सरळ वागायचं. तुम्ही पावतीवर 'व्हेंटिलेटर निधी' छापून पैसे घेतले असतील तर आता ते परस्पर दुसरीकडं वळवू नका. बैठक बोलवा, मुंबईकरांना फोनवर घ्या, डॉक्टरांचं मागणीपत्र वाचून दाखवा, ठराव करा आणि ज्यांना मान्य नाही त्यांची रक्कम परत द्यायची तयारी ठेवा. आमच्या अनुभवात रक्कम क्वचितच कुणी परत मागतं. डॉक्टर स्वतः येऊन दोन वाक्यं बोलले तर कुणीच नाही.

आठ लाखांतले सगळे खरेदीला लावू नका. माझ्या मते पाच, फार तर साडेपाच लाखांची उपकरणं आणि दुरुस्त्या करा, उरलेले मुदत ठेवीत टाका. ईसीजी मशीन दिलं तर त्याचा कागदाचा रोल लागतो, जेली लागते, चिकटवायचे इलेक्ट्रोड लागतात. मशीन चालू असून रोल नाही म्हणून छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी निघत नाही, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. ट्रॅक्टर घेतला आणि डिझेलची तजवीज नाही, तसं ते होतं. रुग्णालयाला साहित्यासाठी अनुदान असतं, रुग्ण कल्याण समितीचा निधी असतो, पण तो वेळेवर हाती येईलच असं नाही. तुमच्या ठेवीच्या व्याजानं ती मधली फट भरते.

खरेदीत किमान तीन कोटेशन घ्या, आणि तिन्ही एकाच तांत्रिक तपशिलाची असू द्यात. एकात बॅटरीसह, दुसऱ्यात बॅटरीशिवाय असं नको. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर तशाच वस्तूंचे दर काय चाललेत ते बघून घ्या, अंदाज येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वैद्यकीय उपकरणांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुना दर लावलेलं कोटेशन आलं तर परत पाठवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वॉरंटी संपल्यानंतरच्या देखभाल कराराचा दर खरेदीच्या वेळीच लेखी घ्या. तो करार दोन प्रकारचा असतो: एएमसीत माणूस येऊन बघून जातो, पार्टचे पैसे वेगळे, सीएमसीत पार्टही धरलेले असतात, पण कोणते धरलेत ते वाचावं लागतं. क्लिपा, वायरी आणि बॅटरी बहुधा वगळलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच आधी जातात. खरेदीपूर्वी वेळ आहे, पैसा तुमच्या हातात आहे, तेव्हा हे घासाघीस करून करारात आणता येतं. बिल झाल्यावर कुणी ऐकत नाही. कंपनीचा दुरुस्ती करणारा माणूस कुठून येणार तेही विचारा. सातारा, सांगली किंवा कोल्हापुरातून येणार असेल तर ठीक, दूरवरून येणार असेल तर किंमत कमी असूनही मी ते मशीन घेणार नाही.

डेमो रुग्णालयातच मागवा, आणि मशीन जी सिस्टर वापरणार तिच्या हातात द्या. बटणं हातमोजे घालून दाबता येतात का, अलार्म बंद कसा करायचा, पुसायला सोपं आहे का, हे ती दोन मिनिटांत सांगते.

वीज. मशीन यायच्या आधी गावातल्या जाणत्या इलेक्ट्रिशियनला नेऊन अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा नीट करून घ्या. नाहीतर नाजूक मशीनचे बोर्ड जळतात आणि वॉरंटीत कंपनी हात वर करते. स्टॅबिलायझर किंवा यूपीएस यादीत धरा. माणला पुराची भीती नाही, पण ही माहिती कृष्णाकाठचं कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी सांगते: सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथं जड मशीन तळमजल्यावर बसवायच्या आधी २०१९ च्या पाण्याची खूण त्या भिंतीवर कुठवर होती ते विचारा.

मशीन दिलं त्या दिवशी फोटो जरूर काढा, गावाचा तो हक्क आहे. पण निघण्यापूर्वी एक काम करून घ्या. रुग्णालयाच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, मशीनचा अनुक्रमांक, किंमत आणि 'देणगी' अशी नोंद घालून घ्या आणि त्या पानाची सहीशिक्क्याची प्रत मागा. ती नोंद नसेल तर कागदोपत्री ते मशीन रुग्णालयात नसतंच. राष्ट्रीय आरोग्य अभियानात २०१५ पासून उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आहे, त्याच्या यादीत येण्यासाठीही ही नोंद लागते. मशीन परस्पर दुसऱ्या रुग्णालयात हललं तर विचारायला आधार त्याच पानाचा, आणि आयुष्य संपल्यावर नियमानं निर्लेखन करून, म्हणजे नोंदीतून कमी करून, ते मोडीत काढायलाही तेच पान लागतं. मशीनवर गावाचं नाव लावा, पण त्यासोबत दुरुस्तीसाठी फोन करायचा नंबर, वॉरंटीची तारीख आणि मराठीत वापराच्या चार ओळी असलेलं लॅमिनेट केलेलं कार्डही अडकवा. कंपनीच्या माणसाकडून प्रशिक्षण दोनदा घ्या: एकदा बसवताना, एकदा महिनाभरानं. पहिल्या दिवशी ड्यूटीवर असलेल्यांनाच ते कळतं, रात्रपाळीच्या आणि नंतर बदलून आलेल्या सिस्टर राहून जातात.

पुढं वर्षभर तुमच्यातल्या एकानं महिन्यातून एकदा जायचं. तपासणी करायला आलोय असा आविर्भाव नको. तुम्ही साहेब नाही आणि सिस्टर तुमच्या नोकर नाहीत. मशीनजवळ एक वही ठेवलेली असावी, किती वेळा वापरलं आणि काय बिघडलं एवढंच लिहायची. ती बघायची, संपत आलेलं साहित्य विचारायचं, बिघाड असेल तर फोन तुम्ही लावायचा. डॉक्टर-सिस्टरना कंपनीच्या मागं लागायला वेळ नसतो, तुम्हाला असतो. खरं सांगायचं तर स्वयंसेवकांच्या या फोनांनी जेवढी मशीन चालू राहिलेली मी पाहिलीत, तेवढी कुठल्या करारानं राहिलेली पाहिली नाहीत. रुग्णांची नावं आणि कागद मात्र त्या वहीत येऊ देऊ नका, आणि खाटेवरच्या माणसाचा फोटो कधीच काढू नका, त्यानं हो म्हटलं तरी. अडचणीतला माणूस नाही म्हणू शकत नाही.

एखादा खासगी डॉक्टर किंवा कंपनी जुनं मशीन फुकट देऊ करील, तर तेही या सगळ्या चाळणीतून जाऊ द्यात. पार्ट मिळतात का, बनवणारी कंपनी अजून दुरुस्ती करते का, तपासणीचा ताजा दाखला आहे का, हे विचारा. मिळत नसतील तर आभार मानून नको म्हणा. रुग्णालयात आधीच जागा कमी असते, आणि एकदा आत आलेली सरकारी वस्तू बाहेर काढायला वर्षं जातात.

पुढच्या आठवड्यात अधीक्षकांची वेळ घ्या. जाताना तुमच्यात एखादी बाई असू द्या, जिचं बाळंतपण त्याच रुग्णालयात झालंय. लेबर रूमच्या सिस्टर तिच्याशी मोकळं बोलतील, आणि तिथं काय कमी आहे हे तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.